अक्षांचे श्रेय आणि देकार्तचे खरे काम

निर्देशक भूमितीचा जनक रने देकार्त, असे आपण शाळेपासून ऐकतो. जोडीला छतावरच्या माशीची गोष्ट येते: पलंगावर पडल्या पडल्या, दोन भिंतींपासूनच्या अंतरांवरून तिची जागा सांगता येईल असे त्याला सुचले म्हणे. देकार्तच्या लेखनात या गोष्टीला आधार नाही. पण १६३७ मध्ये लायडनला छापलेल्या त्याच्या ‘ला जिओमेत्री’त आपल्या ओळखीचे काटकोनी अक्षही सापडत नाहीत, हे जास्त महत्त्वाचे. तिथे एक रेषा आधाराला असते आणि दुसरी लांबी सोयीच्या कोनात घेतलेली. ऋण निर्देशक नाहीत. समीकरणाच्या ऋण उत्तरांना तो ‘खोटी’ म्हणतो. समीकरणाकडून वक्राकडे जाण्याची वाट त्याच सुमारास फेर्माने आखली, पण ते टिपण छापले गेले १६७९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. दोन अक्ष आणि चारही चरण पद्धतशीर वापरले ते न्यूटनने, त्रिघाती वक्रांवरच्या १७०४ च्या प्रबंधात.

मग देकार्तचे उरले काय? अपोलोनियसने शांकवांसाठी संदर्भरेषा वापरल्या होत्या, ओरेमने चौदाव्या शतकात आलेखासारख्या आकृत्या काढल्या होत्या, तेव्हा नवे काहीच नाही, असे म्हणणारेही आहेत. हे दुसरे टोक मला पहिल्याइतकेच चुकीचे वाटते.

देकार्तच्या आधी दोन रेषाखंडांचा गुणाकार म्हणजे क्षेत्रफळ, तिघांचा घनफळ. चौथा आला की अर्थच लागेना. पॅपसने नोंदवलेला अनेक रेषांचा प्राचीन प्रश्न सहाहून जास्त रेषांसाठी याच अडचणीत सापडला होता. देकार्तने आरंभीच एक रेषाखंड एकक मानला आणि समरूप त्रिकोणांनी दाखवले की दोन लांब्यांचा गुणाकार हीही एक लांबीच असते: एककाचे पहिल्या लांबीशी जे प्रमाण, तेच दुसरीचे गुणाकाराशी. बंधन गळून पडले. वर्गात घन मिळवता येऊ लागला, सहाव्या घातासाठी आकृती शोधावी लागेना. मग पॅपसचा तो प्रश्नही त्याने सोडवायला घेतला.

राशींना अक्षरे देण्याचा विषय निघाला की आपल्याकडे भास्कराचार्यांचे नाव घेतले जाते, आणि ते रास्तच आहे. बाराव्या शतकातल्या ‘बीजगणिता’त यावत्तावत्, कालक, नीलक या अज्ञातांची आद्याक्षरे आहेत, ऋण राशीवर टिंब आहे. मात्र तिथल्या उदाहरणांत ज्ञात राशी अंकांतच असतात. ज्ञातांनाही अक्षरे देऊन समीकरणांचा अख्खा वर्ग एकदम हाताळणे, ही पायरी व्हिएतची, १५९१ ची. व्हिएत मात्र क्षेत्राची तुलना क्षेत्राशीच, घनाची घनाशीच करू देई.

फेर्मा व्हिएतच्याच लिपीत लिहीत राहिला. वर्ग म्हणायचा तर अक्षरापुढे ‘क्वाड्राटम’ हा शब्द. देकार्तने ज्ञातांना ए, बी, सी आणि अज्ञातांना एक्स, वाय, झेड दिले, घातांक वर आकड्यात लिहिला. त्याचे पान आजचा विद्यार्थी जवळजवळ अडखळल्याशिवाय वाचू शकतो. वर्गासाठी तो बहुधा एक्स दोनदा लिहितो आणि रेकॉर्ड या गणितज्ञाच्या दोन समांतर रेघांऐवजी बरोबरचे चिन्ह स्वतःचे वापरतो, एवढाच फरक.