कागद परक्याच्या हाती देताना
पीडीएफ जोडायची, लहान करायची म्हटले की आपण ती सहज कुठल्याही संकेतस्थळावर सोपवतो. या सोयीला इतिहास आहे. कागद कोणत्याही संगणकावर जसाच्या तसा दिसावा, ही कल्पना अ‍ॅडोबीच्या जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये मांडली. १९९३ मध्ये पीडीएफ आली. २००८ मध्ये ती खुले आंतरराष्ट्रीय मानक ठरली, आणि तिची साधने कोणालाही बनवणे सोपे झाले. चांगली आली, तशी लबाडही आली. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने फाइल फुकट बदलून देणाऱ्या फसव्या संकेतस्थळांबाबत इशारा दिला. म्हणून मी तीन गोष्टी पाहतो : चालवणारा कोण, माझी फाइल कधी पुसणार, आणि हे काम माझ्याच संगणकावर होईल का? सातबारा किंवा आधार असेल, तर मंडळी, तिसरा प्रश्न आधी विचारावा.