'कोणत्याही दोन व्यक्ती'

संहिता तिच्या प्रारंभीच्या विधानावरून वाचावी की तपशिलांवरून, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. समलिंगी विवाहाच्या वादात मात्र तो काही माणसांच्या आयुष्याचा प्रश्न झाला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचे चौथे कलम 'कोणत्याही दोन व्यक्तीं'च्या विवाहाविषयी बोलू लागते. पुढे वयाची अट सांगताना त्यात 'पुरुष' आणि 'स्त्री' हे शब्द येतात. अर्जदारांनी भिस्त ठेवली ती पहिल्या शब्दांवर, शासनाने दुसऱ्या.

या कायद्याची पूर्वपीठिका पाहिली पाहिजे. ब्राह्मोसमाजाच्या, विशेषतः केशवचंद्र सेन यांच्या, आग्रहातून १८७२ चा कायदा झाला. त्यानुसार लग्न करणाऱ्यांस आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याही धर्माचे नाही, असे लिहून द्यावे लागे. लग्नाची मुभा होती, पण स्वतःची ओळख नाकारण्याच्या किमतीवर. १९२३ च्या दुरुस्तीने ही अट काहींपुरती सैल झाली. १९५४ मध्ये ती गेली. म्हणजे हा कायदा मुळातच रूढीबाहेरच्या जोडप्यांसाठी घडत आला आहे.

दुसरा धागा फौजदारी कायद्याचा. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांपुरते रद्द ठरवले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा जिवंत केले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून मुक्त केले. परंतु गुन्हा नसणे आणि नाते मान्य असणे यांत मोठे अंतर आहे. वारसा, दत्तक, रुग्णालयातील संमती हे सारे त्या अंतरात अडकते.

१७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नाही, आणि १९५४ चा कायदा बदलणे हे संसदेचे काम आहे, असे म्हटले. मतभेद झाला तो पुढे. सरन्यायाधीश चंद्रचूड व न्यायमूर्ती कौल यांनी अशा जोडप्यांच्या सहजीवनास कायदेशीर मान्यतेचा हक्क मानला. न्यायमूर्ती भट, कोहली व नरसिंह यांच्या बहुमताने तो नाकारला. पारलिंगी व्यक्तींच्या भिन्नलिंगी विवाहास मात्र सर्वांनी मान्यता दिली. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

सुनावणीत शासनाने ही मागणी शहरी उच्चभ्रूंची असल्याचे म्हटले होते. हा आक्षेप आम्हांस पटत नाही. १९८७ मध्ये मध्य प्रदेशातील पोलीस दलातल्या दोन स्त्रियांनी परस्परांशी विवाह केला आणि त्यापायी नोकरी गमावली. त्यांस उच्चभ्रू कोण म्हणेल? आपल्याकडे तेंडुलकरांनी १९८१ मध्येच 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आणली होती. त्या नाटकातील स्त्रीचे प्रेम सांगायलाही एक पुरुष निवेदक लागला, हे आज विशेष जाणवते.

संसदेने बदल करावा, हे न्यायालयाचे म्हणणे तत्त्वतः अमान्य करता येत नाही. पण संख्येने अल्प असणाऱ्यांनी बहुमताच्या सभागृहाची वाट किती काळ पाहावी, याचे उत्तर त्या निकालात नाही. १८७२ च्या जोडप्यांना लग्नासाठी आपला धर्म नाकारावा लागे. आजच्या या जोडप्यांस तेवढाही पर्याय नाही. 'कोणत्याही दोन व्यक्ती' हे शब्द अजून कायद्यात आहेत. आपण ते कसे वाचतो, एवढेच उरले आहे.