गाभ्याची मूल्ये आणि संस्थेचे नेतृत्व

संस्थेच्या दर्शनी भिंतीवर मूल्यांचा फलक झळकावणे हा आता रिवाजच झाला आहे. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित झालेल्या एन्रॉन कंपनीनेही आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही आपली चार मूल्ये जाहीर केली होती. हिशेबातील लबाडी उघडकीस आल्यावर डिसेंबर २००१ मध्ये या कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. मूल्ये जाहीर करणे आणि मूल्ये असणे यांतील अंतर या उदाहरणाने जगाला दाखवून दिले.

जिम कॉलिन्स आणि जेरी पोरस यांनी 'बिल्ट टू लास्ट' या १९९४ च्या ग्रंथात 'गाभ्याची मूल्ये' ही संकल्पना रूढ केली. आर्थिक लाभासाठी किंवा तात्कालिक सोयीसाठी ज्यांच्याशी तडजोड करावयाची नाही, अशी मोजकी व चिरस्थायी तत्त्वे म्हणजे गाभ्याची मूल्ये. पॅट्रिक लेन्सिओनी यांनी २००२ मध्ये त्यात आणखी एक भेद स्पष्ट केला. संस्थेला जी मूल्ये पुढे अंगी बाणवायची आहेत, ती तिच्या आकांक्षा होत. किमान सचोटी ही तर प्रत्येक संस्थेकडून अपेक्षितच असते. या दोहोंना गाभ्याची मूल्ये म्हणता येत नाही.

'जॉन्सन अँड जॉन्सन' या कंपनीचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. रॉबर्ट वुड जॉन्सन यांनी १९४३ मध्ये कंपनीचे ब्रीदपत्र लिहिले. त्यात जबाबदारीचा क्रम निश्चित केला होता : प्रथम रुग्ण, डॉक्टर व परिचारिका, मग कर्मचारी, त्यानंतर समाज आणि सर्वांत शेवटी भागधारक. १९८२ मध्ये शिकागो परिसरात सायनाइड मिसळलेल्या टायलेनॉल कॅप्सूलमुळे सात जणांचा मृत्यू झाला. विष कारखान्यात मिसळले गेले नव्हते. तरीही अध्यक्ष जेम्स बर्क यांनी देशभरातील सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागविल्या. त्यासाठी १० कोटी डॉलरहून अधिक खर्च आला. परंतु गमावलेला ग्राहकांचा विश्वास कंपनीला पुन्हा मिळविता आला. जबाबदारीचा क्रम आधीच ठरलेला असल्याने आणीबाणीच्या प्रसंगी निर्णयाला आधार मिळाला. पुढे याच कंपनीला टाल्कम पावडरच्या सुरक्षिततेवरून हजारो दाव्यांना तोंड द्यावे लागले. कंपनीने आरोप नाकारले. परंतु एका पिढीची पुण्याई दुसऱ्या पिढीला आपोआप लाभत नाही, हे यातून दिसते.

मूल्ये जपण्यासाठी मोठे भांडवल लागते असेही नाही. १९५९ मध्ये गिरगावातील सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. त्यातूनच 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही संस्था उभी राहिली. देणगी स्वीकारायची नाही आणि नफा-तोटा सर्वांनी वाटून घ्यायचा, असे प्रारंभीच ठरले. येथील प्रत्येक सदस्या 'भगिनी' व सहमालक मानली जाते. समानतेचे मूल्य असे थेट मालकीच्या रचनेतच उतरल्याने ते नेतृत्वाच्या मर्जीवर अवलंबून राहिले नाही. संस्थापकांपैकी एक असलेल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

नेत्याने कोणाला बढती दिली, कोणता गैरप्रकार खपवून घेतला आणि कोणता फायदा नाकारला, यावरूनच सहकारी संस्थेची खरी मूल्ये ओळखतात. विक्रीचे उद्दिष्ट गाठणाऱ्या अधिकाऱ्याचे उद्दाम वर्तन दुर्लक्षिले गेले, तर भिंतीवरचा 'आदर' हा शब्द त्याच दिवशी निरर्थक ठरतो. म्हणूनच मूल्ये मोजकी असावीत, त्यांचा अग्रक्रम स्पष्ट असावा आणि नेमणुकीपासून निवृत्तीपर्यंत प्रत्येक निर्णयाला त्यांची कसोटी लागावी. ज्या तत्त्वासाठी संस्थेने कधीच काही गमावलेले नाही, ते तिचे मूल्य आहे की केवळ घोषवाक्य, हे ठरायचे असते.