लसूण ठेचून लगेच फोडणीत का टाकू नये?

'रोज उपाशीपोटी लसणाची एक पाकळी खा' हा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. पण पाकळी अख्खी, ठेचलेली की शिजवलेली? खरी गोम तिथेच आहे.

अख्ख्या पाकळीत ॲलिसिन जवळजवळ नसतंच. पाकळी ठेचली की तिच्यातलं ॲलिइन आणि ॲलिनेज हे एन्झाइम एकत्र येतात आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार होतं. तो उग्र वास मुख्यतः त्याचाच. उष्णतेनं हे एन्झाइम निकामी होतं, म्हणून ठेचलेला लसूण 10 मिनिटं तसाच ठेवावा, मग तेलात टाकावा. अख्ख्या पाकळ्या तळल्या तर चव झकास, ॲलिसिन नाममात्र.

'एज्ड गार्लिक'च्या कॅप्सूलचं गणित वेगळं. त्यासाठी लसूण अल्कोहोलच्या द्रावणात 20 महिन्यांपर्यंत मुरवतात. ॲलिसिन उरत नाही, पण एस-ॲलिल सिस्टीन हे अँटिऑक्सिडंट वाढतं.

मग हृदयविकार टळतो? परीक्षानळीत फ्री रॅडिकल्स निष्प्रभ झाले म्हणजे शरीरात फायदा झालाच, असं नाही. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चाचणीत 192 जणांचे गट करून 6 महिने कच्चा लसूण (चक्क सँडविचमधून!), पावडरच्या गोळ्या, एज्ड अर्क किंवा नकली गोळ्या दिल्या. एलडीएल कोलेस्टेरॉल कशानेच लक्षणीय घटलं नाही. उच्च रक्तदाब असलेल्यांचा रक्तदाब मात्र काही चाचण्यांत थोडा उतरला. तेवढ्यावर बीपीची गोळी बंद करू नका.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर लसणाच्या कॅप्सूल घेताय हे डॉक्टरांना आधी सांगा. रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.