रेंज नाही, पण वायफाय आहे? कॉल न तुटण्यासाठी राउटर असा सेट करा

शहापूर-मुरबाडकडे डोंगराच्या आड गेलं की मोबाइलची रेंज जाते. घरात फायबर आलेलं असतं, यूट्यूब झकास चालतं, पण रात्री कुणाला बरं वाटेनासं झालं तर गाडीवाल्याला फोन करायला ओट्यावर धावावं लागतं. यावर उपाय फोनमध्येच आहे : वायफाय कॉलिंग. भारतात एअरटेलने ते डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केलं. नंबर तोच राहतो, वेगळं अॅप लागत नाही आणि समोरच्याकडे साधा फोन असला तरी चालतो.

सेटिंग्जमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा आणि पर्याय दिसत असेल तर वायफायला प्राधान्य द्या. नाहीतर फोन त्या एका लुकलुकणाऱ्या दांडीलाच चिकटून बसतो.

आता राउटर. कॉलला साधारण १०० केबीपीएस पुरतात, त्यामुळे महागडा प्लॅन घेऊन फरक पडत नाही. आवाजाची पाकिटं वेळेवर पोहोचणं महत्त्वाचं. म्हणून राउटरमध्ये डब्ल्यूएमएम चालू ठेवा. त्यामुळे आवाजाला व्हिडिओ आणि डाउनलोडच्या आधी वाट मिळते. कॉल लागतच नसेल तर फायरवॉलमध्ये यूडीपी ५०० आणि ४५०० हे पोर्ट बंद नाहीत ना, ते बघा.

शहरात सगळे ५ गिगाहर्ट्झ वापरा म्हणतात. डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये ते बरोबरच आहे, कारण तिथे शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी असते. सुट्या घरांच्या गावात ती गर्दी नसते, उलट भिंती जाड असतात. तिथे २.४ गिगाहर्ट्झ लांबवर पोहोचतं. चॅनल १, ६ किंवा ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. राउटर लोखंडी कपाटामागे किंवा पत्र्याला लागून नको.

अंगणापर्यंत बोलायचं असेल तर स्वस्त रिपीटर शक्यतो टाळा. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे उशीर वाढतो. त्यापेक्षा घरातला जुना राउटर केबलने जोडा. केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावायची, वॅनमध्ये नाही, आणि त्याचं डीएचसीपी बंद करायचं. त्याआधी त्याचा आयपी पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा करून घ्या. हे राहिलं तर पडवीतून अंगणात जाताना फोनचा पत्ता बदलतो आणि कॉल तुटू शकतो. दोन्हीकडे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच, चॅनल मात्र वेगवेगळे.

लाइट गेली की हे सगळं बंद, म्हणून राउटर आणि फायबरच्या डब्याला मिनी यूपीएस लावा. घेण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा; बरेच १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाही.

शेवटी चाचणी. एअरप्लेन मोड लावा, वायफाय पुन्हा चालू करा, कुणाला तरी फोन लावा आणि बोलत बोलत स्वयंपाकघरापासून अंगणापर्यंत चाला. जिथे आवाज तुटतो तिथे वायफाय अॅनालायझरसारख्या अॅपमध्ये सिग्नल बघा. उणे ६७ डीबीएमपेक्षा कमकुवत, म्हणजे उणे ७५ वगैरे दिसलं, तर दुसरा राउटर त्या बाजूला सरकवा.