नव्या नाटकाची वाट पाहणारे जुने कान

आवडत्या रॉक बँडचा नवा अल्बम येणार असे जाहीर झाले की चाहत्यांच्या मनात एकाच वेळी दोन भये जागी होतात. हा अल्बम मागच्यासारखाच निघाला तर? आणि मागच्यासारखा निघालाच नाही तर? महाविद्यालयाच्या आवारात मुले या विषयावर तावातावाने बोलताना ऐकली, तर ही दोन्ही भये पुष्कळदा एकाच मुलाच्या तोंडून, पाच मिनिटांच्या अंतराने बाहेर पडतात. रसिकाच्या या द्विधा मनःस्थितीला चंचलपणा म्हणून सोडून देण्याची आपली सवय आहे. परंतु कलापरंपरा पुढे सरकते ती बव्हंशी याच ओढाताणीतून, असे मला वाटते. त्याचा पुरावा शोधायला फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या संगीत नाटकाच्या इतिहासात तो मुबलक आहे.

नाटक मंडळी आणि रॉक बँड यांची तुलना वरवर पाहता विक्षिप्त वाटेल. पण मंडळीचे स्वरूप आठवून पाहावे. ठरलेले गायक-नट, ठरलेले साथीदार, गावोगावचे दौरे आणि मंडळीचे नाव अभिमानाने मिरवणारे कट्टर पक्षपाती. मंडळीचे नवे नाटक म्हणजे नव्या पदांचा एक संचच असे. कथानक बहुधा पुराणातले, म्हणजे ठाऊकच असे. उत्सुकता असे ती चालींची आणि त्या कोण कशा गाणार याची.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी साकी, दिंडी, कामदा, लावणी, कीर्तनातली पदे अशा परिचित वळणांवर आपली पदे बांधली. त्यामुळे नाटक नवे असले तरी कान जुनेच पुरत होते. अण्णासाहेब १८८५ मध्ये निवर्तले आणि त्यांच्या मागे किर्लोस्कर मंडळीचा प्रेक्षक म्हणजे ‘सौभद्रा’च्या मापाने पुढचे सारे मोजणारा प्रेक्षक झाला. १८९६ मध्ये याच मंडळीने श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणले. त्यात पारशी-उर्दू रंगभूमीच्या धर्तीवरच्या चाली होत्या. जुन्यांना त्या उपऱ्या वाटल्या, तरुणांना त्यांच्या चटकदारपणाने भुरळ घातली. येथे मंडळी तीच, रंगमंच तोच, आणि तरीही ‘आपली’ मंडळी आपली राहिली की नाही हा प्रश्न प्रथमच उभा राहिला.

हाच प्रश्न पुढे अधिक मोठ्या पातळीवर आला. १२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग झाला. चाली गोविंदराव टेंबे यांच्या होत्या आणि त्यांत उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा लडिवाळपणा होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची कन्या मृत्यू पावली, तरीही प्रयोग झाला. ही घटना कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते. तिची दुसरी बाजू अशी की वाट पाहणाऱ्या रसिकांच्या अपेक्षेचे ओझे कलावंतावर किती असते, याचे तिच्याइतके कठोर उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. एखादा बँड फुटावा आणि चाहत्यांना नावाशी एकनिष्ठ राहावे की आवाजाशी, असा पेच पडावा, तसेच हे झाले. पुढे १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ आले तेव्हा चाली भास्करबुवा बखल्यांच्या होत्या, त्याही ख्यालाच्या भारदस्त बंदिशींवर आधारलेल्या. ‘मानापमाना’ची गोडी लागलेल्या श्रोत्याने एवढे वजनदार संगीत का पेलावे? त्याने ते पेलले, कारण नवे संगीत त्याला त्याच्या लाडक्या कंठातून मिळाले. रागदारीची खानदानी गायकी नाट्यगृहातील सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचली ती अशा रीतीने. ओळखीचा आवाज आणि अनोळखी संगीत या जोडीत, मला वाटते, या साऱ्या इतिहासाचे सूत्र दडलेले आहे.

तो आवाजच गेला तर काय होते, तेही आपल्या रंगभूमीने पाहिले आहे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्वांची भामिनी आणि ललितकलादर्शच्या केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. नाटक दहा वर्षांचे जुने, पदे तोंडपाठ. तरीही अपेक्षा शिगेला पोहोचली होती, कारण दोन पक्षांचे चाहते एकाच छताखाली आपापल्या गायकाचे पारडे तोलायला आले होते. पुढे तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. ज्या मंडळीची ओळखच एका गळ्यात होती, तिने आता काय करावे? बापूराव पेंढारकरांनी धुरा घेतली आणि १९२२ मध्ये मामा वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ केले. वरेरकर मूळचे आपल्या जिल्ह्यातल्या चिपळूणचे. पौराणिक राजवाडे सोडून त्यांनी समकालीन जीवन रंगमंचावर आणले. केशवरावांची नक्कल करीत राहण्याचा सोपा मार्ग मंडळीला मोकळा होता. तिने तुलनाच अप्रस्तुत ठरेल असे नाटक निवडले.

रत्नागिरीचा या इतिहासाशी संबंध एका स्थानबद्ध नाटककारामुळे आला. १९२४ ते १९३७ या काळात विनायक दामोदर सावरकर येथे स्थानबद्ध होते आणि याच काळात त्यांनी ‘संन्यस्त खड्ग’ लिहिले. १९३१ मध्ये ते बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. मंडळीचा प्राण होते दीनानाथ मंगेशकर, आणि संगीत रामकृष्णबुवा वझ्यांचे होते. ‘रणदुंदुभि’मुळे या मंडळीकडून तेजस्वी, देशभक्तिपर नाटकाची अपेक्षा आधीच तयार झालेली होती. पण नव्या नाटकाचा विषय अधिक अवघड होता. बुद्धाच्या प्रभावाने शस्त्रत्याग केलेला सेनापती स्वदेशावर आक्रमण होताच पुन्हा खड्ग हाती घेतो, असे हे कथानक. आदल्याच वर्षी, १९३० मध्ये, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झालेला होता. दीनानाथांच्या तानांवर जीव टाकणारे, पण मनाने सत्याग्रहाच्या बाजूचे असे रसिक कोकणात नसतील असे मानता येत नाही. अशा रसिकाची द्विधा चालींपुरती उरत नाही. आपल्या आवडत्या गळ्यातून आपल्याला न पटणारा विचार ऐकण्याची तयारी त्याला करावी लागते.

या अपेक्षा घडतात कशा, हेही पाहिले पाहिजे. त्यात दोन गोष्टींचा वाटा मोठा. पहिली ‘वन्समोअर’ची प्रथा. आवडलेले पद पुन्हा मागण्याचा हक्क प्रेक्षकाने मिळवला आणि नाटकाची गती त्याच्या टाळीच्या स्वाधीन झाली. दुसरी गोष्ट ग्रामोफोनची तबकडी. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित झाले आणि पुढे नाट्यपदांच्याही तबकड्या निघाल्या. तीन मिनिटांत बसवलेले पद घरोघरी वाजू लागले. प्रयोगागणिक बदलणारी चाल आता एका रूपात गोठली, आणि तबकडीवरचे रूप कानात घेऊन आलेला श्रोता रंगमंचावर त्याचाच पडताळा पाहू लागला. अल्बम ऐकून मैफलीला जाणाऱ्या आजच्या चाहत्याचा हा पूर्वजच म्हणावा लागेल.

या पडताळ्यातूनही वाट काढता येते, हे दीनानाथांनी दाखवले. ‘मानापमान’ करताना धैर्यधराच्या काही पदांना त्यांनी टेंब्यांच्या चाली बाजूला ठेवून स्वतःच्या चाली दिल्या. सर्वांच्या ओठांवर असलेली चाल बदलणे हे धाडसच. आज गंमत अशी की त्यांतल्या काही चालीच आपल्याला मूळच्या वाटतात आणि कोणी नवा गायक त्यांत फेरफार करू लागला तर आपणच कपाळाला आठ्या घालतो.

या प्रेमाची किंमत मात्र कोणाला तरी मोजावी लागते. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ आले. मोजकी गाणी, स्त्रीभूमिकेत स्त्री, घरगुती संवाद. प्रेक्षकाची अपेक्षाच पालटू लागली होती. १९३५ मध्ये बालगंधर्वांनी ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त एकनाथांची भूमिका केली, परंतु भामिनी आणि रुक्मिणी म्हणून मनात ठसलेल्या गंधर्वांना पुरुषवेषात पाहणे चाहत्यांना रुचले नाही. प्रभातशी झालेला करार त्या एका चित्रपटावरच थांबला. ते रंगभूमीवर परतले आणि उतारवयातही स्त्रीवेषात उभे राहिले. त्यांच्यावर अपार प्रेम करणाऱ्या रसिकांनी त्यांना बदलण्याची मुभा दिली नाही, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही.

याउलट १९६४ मध्ये धि गोवा हिंदु असोसिएशनने वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ आणले, तेव्हा जितेंद्र अभिषेकींनी पदे आटोपशीर ठेवली, नाटकाच्या ओघात बसवली. ताना आणि ‘वन्समोअर’ यांवर पोसलेल्या कानांना ती सुरुवातीला अपुरी वाटली असल्यास नवल नाही. पण संगीत नाटकाला पुन्हा तरुण श्रोता मिळाला तो या आटोपशीरपणातूनच.

१९६७ मध्ये जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याऊस यांनी ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली, ती आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. कलाकृती आणि वाचकाचे अपेक्षा-क्षितिज यांतील अंतर हे तिच्या कलात्मकतेचे एक गमक, असे त्यांचे म्हणणे. वरील इतिहास पाहता या विचारात एक भर घालावीशी वाटते. रसिकाजवळ एकच क्षितिज नसते. जुन्याची खूण पटावी आणि नव्याने चकित व्हावे, अशी दोन क्षितिजे तो एकाच वेळी बाळगून असतो. जुलै १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा हुर्यो करणारे आणि टाळ्या वाजवणारे दोघेही त्याचेच चाहते होते.

हा प्रश्न आपल्यासाठी इतिहासजमा झालेला नाही. अलीकडच्या काळात राज्य शासनाची संगीत नाट्य स्पर्धा रत्नागिरीच्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात अनेकदा रंगली आहे. ‘सौभद्र’ किंवा ‘मत्स्यगंधा’ लागले की नाट्यगृहात ओळखीची कुजबुज होते. नवी संहिता, नव्या चाली आल्या की प्रेक्षक हाताची घडी घालून बसतो. ती घडी सुटायला वेळ लागतो. पण ‘स्वयंवर’ही एके काळी नवेच होते, आणि त्यावेळच्या श्रोत्याने संशय बाळगूनही शेवटच्या पदापर्यंत ते ऐकले म्हणून आज ते आपले जुने झाले. नव्या नाटकाच्या कर्त्यांना आपण मान्यता द्यावी की न द्यावी हा ज्याच्या-त्याच्या रुचीचा भाग. निदान तिसरा अंक संपेपर्यंत खुर्ची सोडू नये, एवढे मात्र आपण त्यांचे देणे लागतो.