उचलीच्या वहीतली माणसे

लासलगाव म्हटले की महाराष्ट्राला कांदा आठवतो, आणि त्यात वावगे काहीच नाही. १९४७ साली येथे बाजार समिती स्थापन झाली; तेव्हापासून येथल्या लिलावात पुकारलेला भाव पार दिल्लीपर्यंत ऐकला जातो. पण आमच्या लहानपणी या कांद्याच्या पाठोपाठ गावात आणखी एक गोष्ट येत असे. लाल कांदा विकून शेतकऱ्याच्या खिशात चार पैसे खुळखुळू लागले, की आठवडे बाजाराच्या गर्दीतून भोंगा लावलेली जीप फिरू लागे. पौषी पौर्णिमेला जवळच नैताळ्याला मतोबा महाराजांची यात्रा भरते, आणि यात्रा म्हटली की तमाशाचा तंबू हा आलाच! आम्ही पोरे शाळा सुटताच दप्तरासकट तिकडे धावत असू. तमाशा पाहण्याची आम्हांला परवानगी नव्हती. पण तंबू उभा राहताना पाहू नये, असे कोणी सांगितले नव्हते.

त्या वेळी पाहिलेली माणसे पुढे मला कोणत्याच पुस्तकात भेटली नाहीत. तमाशाचा इतिहास आपण वाचतो तो मोठ्या नावांचा. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी कुळकर्ण सोडून फडात शिरले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या शेजारी पवळाचे नाव येते. मग भाऊ-बापू नारायणगावकर, तुकाराम खेडकर, शिवाजी महाराजांची भूमिका करणाऱ्या कांताबाई सातारकर, कवलापूरचे काळू-बाळू. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली, पुढे ती अटी घालून उठली, आणि फडांच्या पाट्यांवर 'लोकनाट्य' हा सोवळा शब्द झळकू लागला. हे सारे खरे. पण या साऱ्यांच्या डोक्यावरचा तंबू कोणी उभारला? वग चालू असताना कनातीपाशी काठी घेऊन कोण उभे होते? तेथे इतिहास गप्प बसतो.

विलायतेत असे नाही. तिकडे लेड झेपेलिन नावाचा एक धुडगूस घालणारा रॉक वाद्यवृंद होता. त्याच्याबरोबर गावोगाव फिरून व्यवस्था पाहणाऱ्या रिचर्ड कोल या गृहस्थाने १९९२ साली आपल्या आठवणींचे पुस्तकच प्रसिद्ध केले, आणि लोकांनी ते आवडीने वाचले. आपल्याकडे फडाबरोबर फिरलेल्या बिगाऱ्याच्या आठवणी कोण छापणार? आणि मुळात लिहिणार कोण?

हा विचार मनात घोळत असतानाच आमच्या पंचक्रोशीतले एक म्हातारे गृहस्थ मला भेटले. तंबूच्या फडात त्यांनी उमेदीची सारी वर्षे काढलेली. "बाबा, तुमचे नाव घालून लिहू का?" असे मी विचारले, तेव्हा ते हसले. म्हणाले, "नको गुरुजी. बाईंचं नाव बोर्डावर असतं, सोंगाड्याचं नाव लोकांच्या तोंडात असतं. आमचं नाव एकाच जागी लिहिलेलं, मालकाच्या उचलीच्या वहीत. तिथंच राहू द्या ते."

वाचकहो, या वाक्याने मी चमकलो. त्याचा अर्थ लागावा म्हणून फडाचे पोट कसे चालते, हे थोडे सांगितले पाहिजे.

फड दोन तऱ्हेचे. एक हंगामी, यात्रा-जत्रांची सुपारी घेऊन गावच्या खर्चाने खेळ करणारे. त्यांच्या राहुट्या पुणे जिल्ह्यात नारायणगावला पडतात, आणि चैत्राच्या सुमारास गावोगावचे पुढारी तेथे येऊन बाऱ्या ठरवतात. दुसरे तंबूचे फड. तिकीट लावून खेळ करणारे. हे दसऱ्याला बाहेर पडतात ते उन्हाळा सरत येईपर्यंत घर पाहत नाहीत. मोठ्या तंबूच्या फडात शंभराच्या वर माणसे असतात, आणि त्यांतली पुष्कळशी रंगमंचावर कधीच दिसत नाहीत. ड्रायव्हर, आचारी, दिवाबत्तीवाले, तिकिटे फाडणारे आणि खुंट्या ठोकणारे बिगारी!

त्यांचा दिवस बाबांनी मला असा सांगितला. पहाटे ट्रक नव्या गावी पोचतो. पीक काढून मोकळे झालेले एखादे वावर ठरलेले असते. डोळे चोळत उतरायचे, ढेकळे फोडायची, घणाने खुंट्या ठोकायच्या, दोर ताणायचे, फळ्यांचा मंच बांधायचा, भोवती कनात लावायची. दुपारी भाकरी आणि आमटी. मग ट्रकच्या सावलीत जी काय झोप मिळेल ती. रात्री गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. आणि वग संपून लोक शिट्ट्या वाजवत घरी निघाले, की यांनी तोच तंबू पाडून ट्रकमध्ये भरायचा. गुंडाळलेल्या पडद्यांवर अंग टाकले की पुढचे गाव. "उन्हाळ्यापर्यंत जमीन बदलायची गुरुजी, खुंटी तीच!"

आणि दंगा? त्याला तोटा नव्हता. फुकट शिरणारे ब्लेडने कनात फाडत. गावच्या दांडग्यांना पुढची जागा हवी, तीही पैसे न देता. लावणी पुन्हा म्हणा, म्हणून ओरडा होई. नाही म्हटले की दगड येत. मग दिवे घालवायचे, बायकांना मंचामागच्या ट्रकात बसवायचे आणि बिगाऱ्यांनी पाठीला पाठ लावून उभे राहायचे. बाबांच्या भुवईवर एक वण आहे. तो कोणत्या गावचा, हे त्यांनी सांगितले. मी येथे सांगत नाही. फडातले लोकही काही संत नव्हते. दारू होती, भांडणे होती, ढोलकीवाल्याने मध्यरात्री रुसून बसणे होते. पण एक दंडक कडक होता. फडातले भांडण कनातीबाहेर जायचे नाही.

आता ती वही. हंगामापूर्वी, पावसाळ्यात, घरी चूल पेटेनाशी झाली, की कलावंत काय अन् बिगारी काय, मालकाकडून आगाऊ पैसे घेतात. तीच उचल. मग हंगामभर अंगमेहनतीने ती फेडायची. फिटली तर ठीक. न फिटली तर पुढच्या वर्षी तोच फड. दुसऱ्या फडात जायचे तर नव्या मालकाने जुन्याची उचल चुकती करायची. मालकाला दुष्ट म्हणावे, तर तोही व्याजाने पैसा उचलून तंबू बाहेर काढतो. एका यात्रेत अवकाळी पाऊस झाला किंवा कांद्याचा भाव कोसळला, की गल्ला रिकामा आणि सगळी साखळी खालपर्यंत ओढली जाते. लासलगावच्या लिलावात जे घडते, त्याचा हिशेब असा एका बिगाऱ्याच्या वहीतही उतरतो.

मोठ्या नावांनाही ही साखळी चुकली नाही. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, १९९०मध्ये पुन्हा मिळाला. तरी २००२ साली त्या गेल्या तेव्हा हलाखीतच होत्या. खेळ चालू असताना त्या मंचामागे प्रसूत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्र अभिमानाने सांगतो. बाबा मात्र म्हणाले, "ते मूल कुणीतरी पदरात घेतलं असंल ना? तिला कुणी विचारलं?" मला उत्तर देता आले नाही.

२०२०च्या मार्चमध्ये, ऐन यात्रांच्या तोंडावर, करोनाची टाळेबंदी आली. यात्रा बंद, तंबू बंद; २०२१चा चैत्रही तसाच गेला. ट्रक जागच्या जागी उभे राहिले. खेळ थांबला, उचल थांबली नाही. पुष्कळांनी तेव्हा फड सोडला आणि मिळेल ती मजुरी धरली. आमच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलणाऱ्यांत मला एकाची बोटे वेगळी दिसली. विचारले, तर तो हलगी वाजवणारा निघाला.

मला वाटते, तमाशाचा खरा इतिहास लिहायचा तर अशा वह्या गोळा केल्या पाहिजेत. त्यांत लावण्या नसतील, पण कोण कोठून आले, किती पैशांसाठी आले आणि किती वर्षे परत जाऊ शकले नाही, हे सारे असेल. वाळवी त्या खाण्यापूर्वी कोणीतरी हे काम हाती घ्यावे.

आज दिवाळी. आपण अभ्यंगस्नान करून, फराळाचे ताट पुढ्यात घेऊन हा अंक चाळत असाल. दसऱ्याला निघालेले फड या वेळी वाटेवर आहेत. निघताना मी बाबांना विचारले, "फडात असताना दिवाळी कुठे व्हायची?"

"कुठे म्हणजे?" ते म्हणाले, "ज्या वावरात खुंटी ठोकली, तिथं. एक पणती मंचावर लावायची अन् एक ट्रकच्या बोनेटवर. मंचावरची वाऱ्यानं विझायची गुरुजी. ट्रकवरची आम्ही हात धरून राखायचो."